एक किलोमीटर चारशे त्रेसष्ट मीटर

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, डिचोलीहून इथवर यायला किती वेळ लागला. मी सकाळी अंधार असताना निघाले होते. डिचोली ते म्हापसा एक बस, म्हापसा ते पेडणे दुसरी, आणि तिथून गावापर्यंत एका दूधवाल्याच्या मागे बसून. घामाघूम झाले होते. म्हटलं, झाले असतील दोनेक तास.

‘दोनेक म्हणजे कशापर्यंत?’

मला वाटलं नव्या बाईची वेळेवरून हजेरी घेतायत. घाबरून घड्याळ पाहिलं, बोटांवर हिशेब केला आणि एक तास बावन्न मिनिटं असं सांगितलं. त्यावर ते खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, मिनिटापर्यंत सांगायचं तर एकशे बारा मिनिटं म्हणा. अर्ध्या तासापर्यंत सांगायचं तर दोन तास म्हणा. दोन्ही खरं. पण ‘दोनेक’ हे कुठंच बसत नाही. मग त्यांनी मला पाणी दिलं. पाणी आधी द्यायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

ते आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. मुख्याध्यापक म्हणजे काय, शाळेत शिक्षक दोनच, त्यातले ते थोरले. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मी सर म्हणायचे. एकच लांब खोली होती. एका टोकाला माझे छोटे वर्ग, दुसऱ्या टोकाला त्यांचे मोठे, आणि मध्ये एक कपाट. त्यामुळे त्यांचा प्रत्येक तास मला ऐकावाच लागायचा. मी अ-अननसाचा गिरवून घेत असायचे आणि पलीकडे एका दशांशावरून अर्धा तास वाद चाललेला असायचा.

उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात दोन चष्मे. एक वाचायचा, एक फळ्याचा. नेहमी चुकीचा चष्मा आधी निघायचा. ‘साधारण’, ‘अंदाजे’, ‘जवळजवळ’ हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. दुपारचं जेवण घेऊन येणारी बचत गटाची बाई बिचारी एकदा म्हणाली, आज भाजी थोडी कमी आहे. झालं. किती कमी, कशापर्यंत कमी, कालच्यापेक्षा की नेहमीपेक्षा. ती बाई दुसऱ्या दिवसापासून टोप दारात ठेवून पळायला लागली, आणि भाजी कमी आली तर सांगायला कोणी उरलं नाही.

एवढा काटेकोर माणूस, म्हणजे त्याला अदमास मुळीच चालत नसणार असं कुणालाही वाटेल. पण तसं नव्हतं, आणि खरी डोकेदुखी तिथंच होती. अदमास त्यांना फार प्रिय होता. दशांश अपूर्णांक जवळच्या संख्येपर्यंत आणणं, ज्याला आपण सरळ राउंड ऑफ म्हणतो, तो पुस्तकातला दोन पानांचा धडा. इतर शाळांत दोन दिवसांत उरकतो. आमच्याकडे तो गणेश चतुर्थीच्या सुट्टीआधी सुरू व्हायचा आणि दिवाळीची सुट्टी लागली तरी चालूच असायचा.

खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ते काथ्याची दोरी बांधायचे. एका टोकाला तीन, दुसऱ्या टोकाला चार. मध्ये नऊ गाठी. मग एकेका मुलाला आकडा द्यायचा आणि दोरीवर उभं करायचं. तीन पूर्णांक दोन, कुठलं घर जवळ? तीन पूर्णांक आठ, कुठलं? इथवर ठीक. पण मग साडेतीनवर एकाला उभं करायचे आणि विचारायचे, आता हा कुठं जाणार? मुलं म्हणायची, सर, दोन्ही घरं सारखीच लांब. मग? मग चर्चा. अर्ध्या वाटेत पाऊस आला तर माणूस पुढं जातो की मागं? छत्री घरी असेल तर? मागच्या घरी कुत्रा असेल तर? एका मुलीने विचारलं, पुढच्या घरात कोणी नसेल तर? तीन दिवस. तीन दिवस माझ्या पहिलीतली मुलं माना वळवून साडेतीनवर उभ्या असलेल्या त्या मुलाकडे बघत बसली होती, आणि त्याचे पाय दुखत होते.

चौथ्या दिवशी मी न राहवून म्हटलं, सर, पाच असेल तर वर जायचं एवढं सांगून टाका ना. ते म्हणाले, सांगणारच आहे, पण ती रीत आहे हे कळल्यावर सांगेन. बाकीचं खरं आहे, पाचाचं तेवढं लोकांनी आपसात ठरवलंय. खरं काय आणि ठरवलेलं काय, हे पोरांना वेगळं कळलं पाहिजे. मी म्हटलं, परीक्षेत यातलं काहीच विचारत नाहीत. ते म्हणाले, म्हणून तर आत्ताच सांगायला हवं.

अशा माणसाशी भांडता येत नाही. मी प्रयत्न केला नाही असं नाही. ते एकदा तालुक्याच्या बैठकीला गेले असताना मी त्यांच्या वर्गाला चार ओळींचं गाणंच शिकवलं, ‘पाच नि पुढचा एक चढवा, चार नि खालचा तिथंच अडवा’. तासाभरात सगळी मुलं धडाधड उत्तरं द्यायला लागली. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाणं शांतपणे ऐकलं, छान आहे म्हणाले, आणि फळ्यावर सात पूर्णांक शून्य तीन लिहून एका दशांश स्थळापर्यंत आणायला सांगितलं. सगळ्यांनी सात लिहिलं. नुसतं सात. मग त्या सातापुढचं शून्य का लिहायचं, यावर दोन दिवस. नुसतं सात म्हटलं तर ऐकणाऱ्याला कळत नाही की आपण किती बारकाईने पाहिलं, शून्य लिहिलं की कळतं आपण दहाव्या भागापर्यंत पाहून आलोय आणि तिथं काही नव्हतं. हे ते इतक्या आनंदानं सांगत होते की मला गाण्याची लाज वाटावी. मला नाही वाटली. मी ते गाणं अजून शिकवते.

सहलीला मोरजीला नेलं तेव्हाची गोष्ट. किनाऱ्यावर कासवांनी अंडी घातली होती. घरट्याभोवती जाळी, आणि जाळीला पाटी, ‘अंडी : सुमारे शंभर’. मी मुलांना कासव दरवर्षी कसं परत येतं ते सांगत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, सुमारे म्हणजे कशापर्यंत? राखणीला बसलेला तरुण वनरक्षक भला माणूस होता. त्याने वहीत पाहून एकशे चार असं सांगितलं. मग पाटीवर शंभर का? गोळाबेरीज आकड्यात लोकांना बरं वाटतं म्हणून. म्हणजे तुम्ही शेकड्यापर्यंत आणलं, की दहापर्यंत? तो म्हणाला, मास्तर, दोन्हीकडून शंभरच होतात. सर इतके खूश झाले की त्यांनी त्याचा हात हातात घेतला. पण मग विचारलं, एकशे चार हे कोणी मोजले, एकदा मोजले की दोनदा?

‘मास्तर, आता तुमच्यासाठी रेती उसपून परत मोजू काय?’ तो म्हणाला, आणि मुलं रेतीत लोळून हसली. सरही हसले. मी मात्र परतीची बस चुकणार म्हणून घड्याळ बघत होते, आणि ती चुकलीच.

मापं घेणं हा त्यांच्या शिकवण्याचाच भाग होता. आयत्या आकड्याला ते शिवायचे नाहीत. भंगारातून त्यांनी लहान मुलांच्या सायकलचं एक चाक आणलं आणि त्याचा घेर बरोबर एक मीटर यावा म्हणून रिंगवर कापडाच्या पट्ट्या गुंडाळण्यात दोन रविवार घालवले. चाकाला काठी बांधली, पत्र्याचा तुकडा असा लावला की फेऱ्याला एकदा टक्क वाजे. मग सगळा मोठा वर्ग घेऊन ते आमच्या शाळेपासून पलीकडच्या वाड्यावरच्या शाळेपर्यंतचा रस्ता मोजायला निघाले. मध्ये नवा हायवे. विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या, ट्रक, मोरजीकडे धावणाऱ्या भाड्याच्या स्कूटर. हा माणूस छत्री उघडी धरून मध्ये उभा, आणि मुलं टक्क टक्क मोजत ओलांडतायत. हे तीनदा केलं. तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. त्यांची सरासरी काढून मीटरपर्यंत आणली ती एक हजार चारशे त्रेसष्ट. चाकाची काठी रूपाच्या हातात होती. ही रूपा बेळगावकडच्या एका गवंड्याची मुलगी. आई-बाप हायवेच्याच कामावर आलेले, काम संपलं तरी इथंच राहिले. वर्गात सगळ्यात कमी बोलायची आणि वहीत सगळ्यात नीट लिहायची.

हा आकडा मला चांगला आठवतो. त्याच्यापायी पुढे आमची शाळा गेली.

त्या वर्षीच्या माहितीच्या फॉर्ममध्ये जवळच्या शाळेचं अंतर एका दशांश स्थळापर्यंत मागितलं होतं. कागदाची सगळी कामं माझ्याकडे, कारण सर एका रकान्याला एक दिवस घ्यायचे. मी दीड किलोमीटर लिहिलं. एक पूर्णांक चार सहा तीनचं एक पूर्णांक पाच, बरोबरच. पुढच्या वर्षी फॉर्म बदलला. आता नुसता पूर्ण किलोमीटर हवा होता. फॉर्म भरायची प्रत्येक शाळेत एकच पद्धत असते. गेल्या वर्षीची प्रत शेजारी ठेवायची आणि उतरवत जायचं. मी दीड पाहिलं. दीडाचे दोन. पाच नि पुढचा एक चढवा. दोन लिहिलं, सरांची सही घेतली, फॉर्म पाठवला. शाळेच्या व्हरांड्यात माहितीचा तक्ता रंगवायचा होता, त्यावरही रंगाऱ्याकडून ‘जवळची शाळा : २ कि.मी.’ असं लिहून घेतलं.

त्या वर्षी नियम असा आला की पटावर मुलं कमी आणि एका किलोमीटरवर दुसरी शाळा, तर दोन्ही शाळा एक करायच्या. आमच्याकडे सतरा मुलं. यादी आली, तिच्यात आमचं नाव नव्हतं. दोन किलोमीटर होते ना. गावानं देवळात नारळ ठेवला. मलाही कुणीतरी प्रसाद आणून दिला आणि मी तो निर्धास्त खाल्ला, कारण माझ्या हातून काय झालंय हे मला माहीतच नव्हतं.

पुढच्या वर्षी दोरी पुन्हा बांधली गेली. धडा पुढं सरकत एके दिवशी त्यांच्या लाडक्या ठिकाणी आला. दोन पूर्णांक चार सात पूर्ण संख्येपर्यंत आणा. अर्धा वर्ग म्हणाला दोन, अर्धा म्हणाला तीन. तीनवाल्यांचं म्हणणं, आधी अडीच करायचं, मग अडीचचे तीन. हेच ऐकायला ते टपून बसलेले असत. एकदा हललेल्या संख्येला पुन्हा हलवायचं नाही, ते समजावत होते. अडीच ही खरी संख्या नव्हेच, तो आपण केलेला अदमास. अदमासावर अदमास केला की माणूस भलत्याच घरी पोचतो. दरवेळी मूळ मापाकडे परत जायचं.

मी माझ्या टोकाला पाढे घेत होते. रूपा उठली. तिनं दोरीकडे नाही, दाराबाहेरच्या तक्त्याकडे पाहिलं.

‘सर, मग आमच्या शाळेचं दोन बी चुकलंय की. मी चाक धरलं होतं. चौदाशे त्रेसष्टचं एक व्हतंय.’

माझे पाढे थांबले. सतरा मुलांपैकी एकालाही त्याचा अर्थ कळला नव्हता, मला कळला. मी कपाटाच्या कडेनं सरांकडे पाहिलं, मान हलवली, नाही नाही म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चुकीचा चष्मा काढला, पुन्हा तोच लावला.

‘होय गो,’ ते म्हणाले. ‘चुकला. एकच होता.’

त्याच संध्याकाळी त्यांनी दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. मी बस सोडून दिली. मी त्यांना काय काय म्हटलं ते आता लिहायला बरं वाटत नाही. म्हटलं, कोण येणार आहे मोजायला? म्हटलं, हायवे ओलांडायचा म्हणजे पाच किलोमीटरच धरा. म्हटलं, तुम्हाला निवृत्तीला वर्षही नाही, तुमचं काय जातंय. ते ऐकून घेत होते आणि लिहीत होते. हायवेबद्दल त्यांनी वेगळी दोन पानं जोडली. गाड्या किती, वळण कुठे, मुलांच्या चालीनं ओलांडायला किती सेकंद लागतात, सगळं. पण फॉर्ममध्ये हायवेला रकाना नव्हता. अंतराला होता.

नव्या वर्षाच्या यादीत आमचं नाव आलं.

गावाला कळलं तेव्हा पालकांची बैठक झाली. पत्र कोणी धाडलं हे लपून राहण्यासारखं नव्हतं. रूपाचा बाप मागे उभा होता, तो मला एवढंच विचारत होता की बाई, रस्ता ओलांडताना पोरांबरोबर कोण असणार. मी सांगितलं, विचारून सांगते. कुणाला विचारणार होते कोण जाणे. एक बाई, जिची दोन्ही मुलं आमच्याकडे, ती मात्र थेट सरांसमोर आली.

‘मास्तर, तुमका कोणी इचारलेला? आता आमच्या पोरांनी हायवे कसो ओलांडूचो?’

त्यांना बोलता आलं असतं. रूपा आईजवळ भिंतीला टेकून उभी होती, आणि सगळ्यांकडे बघत होती. त्यांनी तिच्याकडे नजरसुद्धा वळवली नाही. म्हणाले, चूक माझी, मापही माझं. लोक बोलायचं ते बोलले. मीही त्यांच्या बाजूनं एक शब्द काढला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला तेव्हा ते माणूस म्हणून सहनच होत नव्हते. एका आकड्याच्या सोवळ्यासाठी या माणसानं सतरा मुलं रस्त्यावर काढली, असं मी घरी जाऊन मोठ्यानं म्हटलं. पालकांनी शेवटी पाळी लावली, रोज दोघं मुलांना पोचवणार, दोघं आणणार. कामाच्या दिवशी मजुरी बुडवून कोण किती दिवस पाळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शाळेचं सामान हलवायच्या दिवशी आम्ही दोघंच होतो. टेम्पो दुपारी येणार होता. मी फायली बांधत होते, तेव्हा दुरुस्तीच्या पत्राची कार्यालयीन प्रत हातात आली. मी ती तोवर वाचलीच नव्हती, रागानं. पहिल्याच ओळीत होतं, ‘सदर चूक माझ्या हातून झाली असून सहशिक्षिकेचा तिच्याशी काही संबंध नाही.’

मला संताप आवरेना. अख्खा फॉर्म माझ्या अक्षरात होता. दोन मी लिहिले होते. म्हटलं, सर, शून्य लिहिलं नाही म्हणून दोन दिवस मुलांना बसवून ठेवणारे तुम्ही, आणि सरकारी पत्रात धडधडीत खोटं लिहिता? माझ्यावर उपकार करायला कोणी सांगितलं होतं?

ते कपाटातली खडूची खोकी काढत होते. थांबले.

‘खोटा नाय ता,’ ते म्हणाले. ‘तुमची चूक एका दिसाची. सही करताना मिया बघलेलंय. दोन बघलंय आणि सही केलंय.’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे यादी आली तेव्हा, नारळ ठेवला तेव्हा, मी प्रसाद खाल्ला तेव्हा, त्यांना माहीत होतं. रोज सकाळी त्या तक्त्याखालून आत येताना माहीत होतं.

‘वर्सभर?’

‘वर्सभर गप रवलंय.’

मग आता का, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता. वर्षभर दडवता आलं, तर आणखी दहा वर्षं दडवायचं होतं. तुम्ही निवृत्त झाला असतात, मी कधी तोंड उघडलं नसतं, पोरं शिकून गेली असती. ते खोकं हातात धरून उभे होते, आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

‘फॉर्मान माका कधी इचारल्यान नाय,’ ते म्हणाले. ‘त्या चेडवान, रूपान, इचारल्यान. बरोबर करून, उभ्या रवान इचारल्यान. तेका काय सांगतलंय मिया, तुजा चुकला म्हणान?’

मी फाईल बांधायची तशीच ठेवली. बाहेर टेम्पो आल्याचा आवाज झाला आणि आम्ही दोघंही जागचे हललो नाही. मी विचारलं, तिनं त्या दिवशी विचारलं नसतं तर?

‘तर दोनच रवले असते,’ ते म्हणाले, आणि कपाटाची दुसरी बाजू धरायला मला खूण केली.

मी धरली. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि आता तो कुणावर काढावा हे मला कळत नव्हतं.